लघवीच्या नळीतून पोटाचा दाब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गंभीर पॅन्क्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाची सूज) रुग्णाचं पोट फुगलं की बडोद्यात नातेवाईक विचारतात, "गॅस धरलाय, हिंग लावू का?" आणि केसपेपरवर नुसतं 'पोट टाइट' लिहिलेलं असतं. हाताने दाबून हा दाब कळत नाही, अनुभवी हातालाही नाही. मोजावाच लागतो.

इथल्या आयसीयूत वापरात आहे तो साधा जुगाड: फोली (लघवीची नळी) आणि युरोबॅगच्या (लघवी साठवायची पिशवी) मध्ये दोन थ्री-वे (तीन तोंडांचे स्टॉपकॉक), एकाला सिरिंज, दुसऱ्याला आयव्ही सेटची निर्जंतुक नळी, शेजारी सेंटीमीटरची पट्टी. महागड्या सेटवाचून काही अडत नाही. रुग्ण सपाट उताणा, बॅगेची बाजू बंद, मूत्राशयात जास्तीत जास्त 25 मिली सलाइन. 30 ते 60 सेकंद थांबून, श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. सेंटीमीटरला 1.36 ने भागलं की मिमी पारा मिळतो: 16 म्हणजे जवळपास 12, 27 म्हणजे जवळपास 20.

सगळ्यात जास्त घोळ शून्याचा. एका शिफ्टला प्यूबिसपाशी (ओटीपोटाखालचं पुढचं हाड), दुसऱ्या शिफ्टला कमरेच्या हाडापाशी शून्य धरलं, की दाब चढल्याचा भास होतो. इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाची वरची कड) पातळीवर मिडॲक्सिलरी रेषेत (काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा) कातडीवर मार्करने फुली मारून ठेवा. पोट हलकं दाबल्यावर नळीतलं पाणी हललं नाही तर बुडबुडा किंवा पीळ शोधा. रुग्ण खोकतोय, व्हेंटिलेटरशी झगडतोय, डोकं उंच आहे, तर आकडा फुगीर येतो. मोजून झाल्यावर बॅग उघडायला विसरलात तर लघवी बंद झाली असं वाटून भलतीच धावपळ होते. घातलेलं सलाइन लघवीच्या हिशोबातून वजा करा.

दर 4 ते 6 तासांनी मोजा. दाब 12 मिमी पारा किंवा त्याहून वर टिकला तर उपाय सुरू. 20 च्या वर टिकला आणि नवा अवयव ढासळू लागला, म्हणजे लघवी आटली, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढलं, बीपी पडलं, तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे पोटातल्या दाबाने अवयव निकामी होणं. अशा वेळी सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

लघवी कमी दिसली की बाटल्यांवर बाटल्या चढवायच्या, ही सवय इथे घातक ठरते. किडनीवरचा दाब सलाइनने उतरत नाही, आतडी मात्र आणखी सुजतात. पॅन्क्रियाटायटिसच्या रुग्णांवरच्या 2022 च्या वॉटरफॉल चाचणीत भरमसाट फ्लुइडने फायदा झाला नाही, अंगात पाणी मात्र जास्त साठलं. आधी राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), गरज पडल्यास फ्लेटस ट्यूब (गुदद्वारातून गॅस काढायची नळी), वेदनाशमन आणि पुरेसं गुंगीचं औषध. पोटात पाणी साठलं असेल तर सोनोग्राफीखाली पिगटेल (पाणी काढायची बारीक नळी). योग्य रुग्णात याने आकडा लगेच खाली येतो. मग स्नायू शिथिल करणारं औषध थोडा वेळ, आणि डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) किंवा डायलिसिसने जादा पाणी काढणं.

एवढं करूनही दाब हटला नाही आणि अवयव ढासळतच राहिले, तर पोट उघडायचं. सुरुवातीच्या दिवसांत मात्र तेव्हा स्वादुपिंडाच्या नेक्रोसिसला (मेलेल्या भागाला) हात लावू नका. पोट उघडलंय ते फक्त दाब सोडायला.