स्वावलंबन पोर्टल आणि दिव्यांग कार्ड: धडगाव-मोलगीकडून पाहिलं तर

पुण्या-नाशकात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, स्वावलंबन या सरकारी पोर्टलवरून काढणं म्हणजे एक ऑनलाइन अर्ज आणि दवाखान्याची एखाद-दुसरी चक्कर. राज्याच्या उत्तर टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, तेच काम घाट उतरण्यापासून सुरू होतं. धडगावहून नंदुरबारला यायचं तर चांदसैली घाटाने तळोदा गाठा किंवा शहाद्यावरून फिरून या. पावसाळ्यात घाटात दरड आली की पहिली वाट बंद. नर्मदाकाठच्या पाड्यांना तर त्याआधी बोट. तेव्हा या सेवेचं मोजमाप तिथून केलेलं बरं. पाचपैकी गुण द्यायचे तर पोर्टलला तीन, तपासणीला दीड आणि हातात पडलेल्या कार्डाला चार.

पोर्टल तसं सरळ आहे. आधार क्रमांक, आधारवरचाच पत्ता, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा. अपंगत्वाचा प्रकार निवडायचा, तपासणीचं रुग्णालय निवडायचं, की नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक कागदावर लिहून घरात दोन ठिकाणी ठेवावा, पुढचं सगळं त्यावरच शोधलं जातं. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो, पण फोटो-सहीच्या फाइलला आकाराची मर्यादा आहे आणि नेटवर्क मध्येच गेलं की भरलेलं पान उडतं. डोंगरातून तालुक्याला उतरून सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात भरणं शहाणपणाचं. फक्त मोबाइल नंबर स्वतःचा द्या. केंद्रचालकाने सोयीसाठी आपला नंबर टाकला की तारखेचा निरोप त्यालाच जातो, अर्जदाराला पत्ता नसतो. शिवाय दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, सिमकार्डही बदललेलं असतं. अर्ज करण्याआधी कोणत्या महिन्यात माणूस गावात आहे, हे पाहून घ्या.

अर्ज अडकण्याचं सगळ्यात सामान्य कारण मात्र नाव. आधारवर ‘पावरा’ एका इंग्रजी स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, केसपेपरवर तिसऱ्या. वसावे आणि वसावा यांचंही तेच. वयाचीही तीच गत, निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. आधी आधार दुरुस्त करा, त्याला मोबाइल जोडा, मगच यूडीआयडीच्या वाटेला जा. उलट क्रमाने गेलात तर कार्ड चुकीच्या नावाने निघतं आणि बँक खात्याशी जुळत नाही.

आता तपासणी. सगळी गाडी अडते ती इथे. अस्थिव्यंग, नेत्र, कान-नाक-घसा, मानसिक आजार असे टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचे वार वेगवेगळे असतात. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: आपल्या प्रकाराचा तज्ज्ञ त्या वारी बसणार का, आणि तपासणीचं यंत्र चालू आहे का. यादीत जवळचं उपजिल्हा रुग्णालय दिसलं म्हणून ते निवडू नका. तिथे हाडांचा डॉक्टर असेल, पण ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, नसेल, तर पुढे पाठवलं जाणारच. लहान मूल बटण दाबून सांगू शकत नाही, त्याला बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) चाचणी लागते आणि तिची सोय सगळीकडे नसते. कायद्याने कर्णबधिर ठरायला दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट लागते, ६० ते ७० असेल तर ऐकण्यात कमी. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत, अशा माणसाला या व्याख्येत जागा नाही. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला, तर टक्केवारी ३०, म्हणजे निराधार योजनेला लागणाऱ्या ४० च्या खालीच. या दोन्ही बाबतींत हेलपाटा घालून निराश होणारे पुष्कळ. सेतूतच कुणी सांगितलं असतं तर भाडं वाचलं असतं.

बौद्धिक अक्षमतेच्या चाचणीत भाषा हा मोठा खड्डा आहे. घरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले की ते गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं गुणांमध्ये मोजलं जाण्याचा धोका असतो. आशाताई किंवा आश्रमशाळेचे शिक्षक बरोबर न्या आणि दुभाषा आणलाय हे आत जाण्याआधीच सांगा. लहानपणी दिलेलं प्रमाणपत्र मुदतीचं असतं. पाचव्या, दहाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्याला कायमचं. मुदत संपली आणि लक्षात आलं नाही, तर लाभ थांबतो आणि का थांबला हे कळायलाही वेळ जातो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वेगळं सांगायला हवं, कारण सातपुड्यात हा आजार घरोघरी परिचयाचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. पण फक्त वाहक असलेल्याला, म्हणजे एएस असलेल्याला, प्रमाणपत्र मिळत नाही. आजार असावा लागतो. तो सिद्ध व्हायला साध्या विद्राव्यता चाचणीचा कागद पुरत नाही. हिमोग्लोबिनचा प्रकार नेमका दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल हवा. आणि टक्केवारी नुसत्या निदानावर ठरत नाही. किती वेळा दुखणं उसळून भरती व्हावं लागलं, किती वेळा रक्त चढवलं, खुब्याचं हाड झिजलं का, पक्षाघात झाला का, यावर ठरते. म्हणजे सगळा खेळ जुन्या कागदांचा. पाड्यावरच्या घरात पावसात भिजून गेलेले डिस्चार्ज पेपर आणायचे कुठून? दर भरतीनंतर कागदांचे फोटो काढून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत मूळ प्रती ठेवा. रक्तपेढीची पावतीसुद्धा टाकू नका. कागद नसतील तर ज्या ग्रामीण रुग्णालयात भरती होती तिथल्या नोंदवहीतून दाखला मागता येतो, वर्ष-महिना आठवत असेल तर काम सोपं.

दिव्यांग हक्क कायद्याच्या २०२४च्या दुरुस्त नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्याची तीन महिने केली. वर, दोन वर्षं निर्णय न झालेला अर्ज आपोआप निष्क्रिय, मग पुन्हा अर्ज करा किंवा रुग्णालयाकडे जाऊन तोच चालू करून घ्या. उशीर यंत्रणेचा आणि दंड अर्जदाराला, हा न्याय काही पटत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पोर्टलवर स्थिती पाहत राहा. नामंजुरी झाली तर ती लेखी, कारणासह मागा. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परतू नका. त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं आणि तक्रारीसाठी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

या सेवेतली सर्वात चांगली गोष्ट पोर्टलवर दिसतही नाही: तालुक्याला भरणारं तपासणी शिबिर. धडगावला किंवा अक्कलकुव्याला सगळे तज्ज्ञ एका दिवशी आले की जे काम चार फेऱ्यांत होत नाही ते दुपारपर्यंत आटपतं. फक्त शिबिराआधी ऑनलाइन नोंदणी झालेली हवी, नाहीतर तपासणी होते आणि नोंद मागे राहते. तारीख पंचायत समिती आणि ग्रामीण रुग्णालय दोन्हीकडे विचारा.

कार्ड हाती आलं की कामाचं आहे. १८ अक्षर-अंकांचा क्रमांक, देशभर चालतो. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. टपालाची वाट पाहत बसू नका, पोर्टलवरून उतरवून घेतलेली प्रतही चालते. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. गंमत अशी की कार्ड काढायला सिव्हिलला जाताना तीच सवलत नसते. बाईमाणूस असेल तर निदान अर्धं तिकीट.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. पांढऱ्या कार्डावर हे मिळत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले पाच टक्केही दिव्यांगांसाठी राखीव असतात. ज्या पंचायतीची घरपट्टीच नाममात्र, तिच्या पाच टक्क्यांत काय येणार, हा हिशेब ज्याने त्याने करावा. तरी ग्रामसभेत लेखी मागणी द्या आणि ठरावाची नक्कल घ्या.

जुनं प्रमाणपत्र असलेल्यांनाही यूडीआयडी लागतो. राज्याच्या आधीच्या एसएडीएम प्रणालीतून निघालेला कागद घरात असेल तर पोर्टलवर ‘प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय निवडून तो चढवा. सही-शिक्का पुसट असेल तर मूळ प्रत घेऊनच जा, झेरॉक्सवर पडताळणी होत नाही.