इथली स्पर्धा की लंडनची?

दाजीपूरला धुक्यात टिपलेल्या गव्याचा फोटो कुठं पाठवू, असं मावसभाऊ विचारत होता. वन्यजीव सप्ताहातल्या कोल्हापूरच्या एखाद्या फोटो स्पर्धेला, की लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या?

लंडनला 25 फोटोंपर्यंत मिळून सुमारे 30 पौंड पडतात, 17 वर्षांपर्यंतच्यांना फुकट. इथं फी किरकोळ, पण प्रिंट आपल्या खर्चानं. आणि प्रिंट दगा देते! माझा रंकाळ्यावरचा खंड्या स्क्रीनवर निळाशार होता, कागदावर पाठ पार काळपट. तीनदा काढून घेतली.

खरी मेख एडिटिंगची. भावानं गव्याच्या शिंगाआडची फांदी पुसलीय. लंडनला पुढच्या फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, काही न बदललेली फाइल मागतात, फ्रेममधलं काही काढलेलं किंवा घातलेलं चालत नाही. म्हणजे तो फोटो तिथं बादच.

शिवाय तिथं अलीकडं साठ हजारांच्या घरात फोटो येतात. नाही निवडला तर का, ते कळत नाही. इथं प्रदर्शनात आपल्या फोटोशेजारी उभं राहून लोकांचं ऐकता येतं. तेही फुकट.

पहिलाच प्रयत्न असेल तर इथंच. प्राण्याचं वेगळं वर्तन टिपलंय, रॉ जपलीय, तर लंडन. पोरगं सतरापर्यंतचं असेल तर तिकडं पाठवायला कसला विचार करायचा?