२२ फुटी पॉन्टूनला ६० की ११५? दोन मोसमांनंतर लिहितोय

आमची पॉन्टून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, २२ फुटी, दोन नळ्यांची, जुनी घेतलेली. फिरते मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकावर. पहिला मोसम ६० हॉर्सपॉवरच्या मोटरवर काढला. यंदाचा, मे ते ऑक्टोबर, मर्क्युरी कंपनीच्या ११५ हॉर्सपॉवरच्या ‘कमांड थ्रस्ट’ मोटरवर. इथल्या आपल्या मंडळींपैकी तीन-चार जणांनी एवढ्यात विचारलं की मोटर किती मोठी घ्यावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोट घेताना विक्रेत्याने मला आणि बायकोला एक चक्कर मारून आणली. मे महिना, वारा नाही, पाणी तव्यासारखं सपाट. २१ मैलांचा वेग मिळाला. तो म्हणाला, कुटुंबाला ६० भरपूर झाली. मलाही पटलं. मी मालवणचा, लहानपणापासून होडीला आठ-दहा हॉर्सपॉवरचं मशीन लावून माणसं आणि जाळी घेऊन समुद्रात जाताना पाहिलेलं. इथे तर ६०!

पण होडी पाणी कापत जाते आणि पॉन्टून पाणी ढकलत जाते. १९५२ साली याच राज्यातल्या रिचमंड गावच्या अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवला, तिथून ही बोट आली. आज पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या असल्या तरी मूळ प्रकार तोच, पाण्यावर तरंगणारं अंगण. त्याला चारी बाजूंनी कठडा, वर छत. वारा आला की हे सगळं शिडासारखं फुगतं, आणि ती ओढ मोटरला सोसावी लागते.

हे कळलं ते जुलैतल्या एका रविवारी. मोठी सात माणसं, तीन मुलं, बर्फाची मोठी पेटी, वड्यांचा डबा, टाकी भरलेली. तळ्याकाठच्या एक्सेल्सियर गावाला जाताना काही जाणवलं नाही. परतताना वायव्येकडून काळं आभाळ आलं आणि वारा थेट तोंडावर. लिव्हर शेवटपर्यंत पुढे ढकललेला, काटा मिनिटाला ५१०० फेऱ्यांवर अडकलेला आणि वेग जेमतेम १२ मैल. त्या मोटरला पूर्ण थ्रॉटलवर किमान ५५०० फेऱ्या मिळायला हव्या होत्या. म्हणजे ती जिवाच्या आकांताने ओढत होती आणि तरी पुरी पडत नव्हती. लाट आली की मोटरचा पाण्यातला पंखा (प्रॉपेलर) हवा खाई, आवाज एकदम चढे, बोट मात्र जागच्या जागी. सासूबाईंनी कठडा इतका घट्ट धरला होता की धक्क्याला लागल्यावरही हात सुटायला वेळ लागला. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती (दहा वर्षांखालच्या मुलांना इथे कायद्यानेच लागतात), पण त्या वीस मिनिटांत मी नक्की केलं की ही मोटर बदलायची.

घरी येऊन साधा हिशेब मांडला. बोटीचं वजन साधारण २००० पाउंड. दहा माणसांचे चौदा-पंधराशे. २५ गॅलन पेट्रोलचे दीडशे. म्हणजे विक्रेत्याने दाखवलेली बोट आणि आमची रविवारची बोट यांत जवळजवळ दीडपटीचा फरक. मोटर निवडायची ती या भरलेल्या बोटीसाठी. रिकामी बोट काय, कशानेही चालते.

दुसरी गोष्ट मी आधीच बघायला हवी होती, ती म्हणजे बोटीवरची क्षमतेची पट्टी. माणसं किती, वजन किती, मोटर जास्तीत जास्त किती, हे त्यावर छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर ११५ होतं, म्हणजे ६० ही निम्म्याच्या जरा वर. माझं मत आता असं आहे की कुटुंबकबिला घेऊन फिरणार असाल तर पट्टीवरच्या आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नका. आणि वर तर मुळीच जाऊ नका, विम्याचाही घोळ होतो आणि मागचा भाग तेवढ्या वजनासाठी बांधलेला नसतो.

९० चाही विचार केला होता. पण मर्क्युरीची ७५, ९० आणि ११५ तिन्ही एकाच २.१ लिटर इंजिनावर बांधलेल्या आहेत, वजनात म्हणावा असा फरक नाही. मग पट्टी परवानगी देत असताना ९० वर का थांबायचं? कमांड थ्रस्ट मुद्दाम घेतली. तिचा खालचा गिअरचा भाग मोठा असतो आणि गिअरचं प्रमाण २.३८, म्हणजे पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या २.३८ फेऱ्या; साध्या ११५ चं २.०७. पंखा सावकाश पण जोर लावून फिरतो. जड बोटीला हाच जोर लागतो. धक्क्याला लावताना रिव्हर्समध्ये बोट लगेच थांबते, हा फायदा मला वेगापेक्षा मोठा वाटतो.

मोटर बसवल्यावर दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. पहिली पंख्याची. सोबत १७ पिचचा दिला होता (पिच म्हणजे एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल तो आकडा). दोघंच असताना ५२०० फेऱ्या, पण दहा माणसांत ४८००. या मोटरची पूर्ण थ्रॉटलची कक्षा ५००० ते ६०००. १५ पिचचा लावला आणि दहा माणसांतही ५४०० मिळायला लागल्या, वेग २३ मैल. दोघं असलो तर २९. पंखा नेहमी भरलेल्या बोटीवर तपासून घ्या, दुकानदार रिकाम्या बोटीवर तपासतो. दुसरी दुरुस्ती उंचीची. वळणावर फेऱ्या अचानक उसळायच्या, कारण मोटर जरा वर बसवली होती आणि पंखा हवा खायचा. मेकॅनिकने एक भोक, म्हणजे पाऊण इंच, खाली घेतली आणि ते थांबलं.

पेट्रोल जास्त जाईल ही भीती होती. पूर्ण थ्रॉटलला जातंच, तासाला दहाएक गॅलन. पण तसं कोण चालवतं? १५-१६ मैलांवर फिरायला ६० ला जवळजवळ सगळा दम लागायचा, ही ३७०० फेऱ्यांवर शांतपणे जाते. मोसमभराचा खर्च मागच्या वर्षीइतकाच आला. आणि बोलायला आवाज चढवावा लागत नाही, याचं सुख वेगळंच.

तक्रारी? मागे शंभरेक पाउंड वाढल्याने बोट मागून जरा दबते. बर्फाची पेटी आणि नांगर पुढे हलवला. मात्र पुढे माणसं बसलेली असताना लिव्हर एकदम मागे खेचू नका. नाक खाली जाऊन पाणी डेकवर येतं. माझ्याकडून एकदा झालं, सगळ्यांच्या चपला तरंगल्या. आता वेग हळूहळूच उतरवतो. पैसे म्हणाल तर बसवण्यासकट साडेतेरा हजार डॉलर, जुनी विकून साडेचार परत आले. सुरुवातीलाच मोठ्या मोटरची बोट घेतली असती तर यातले निम्मे तरी वाचले असते, ही खंत आहे.

१८ फुटी बोट आणि चार माणसं असतील तर ६० चालेल, पण मोठ्या गिअरचीच घ्या. मुलांना बोटीमागे हवेच्या ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर तिसरी नळी असलेली बोट बघा, तिला १५० लागेल.

ऑक्टोबरात बोट पाण्याबाहेर काढली. तळाचे प्लग उघडून पाणी सोडलं (प्लग लावून रस्त्यावर नेणं इथे गुन्हा आहे), पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत स्टॅबिलायझर टाकला, गिअर ऑइल बदललं. निघालेलं ऑइल स्वच्छ होतं, दुधाळपणा अजिबात नाही, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील धडधाकट आहेत. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की परत पाण्यात.