डाँकी काँग (१९८२): खिशात मावणारे दोन पडदे

केशरी झाकण उघडलं की वर-खाली दोन एलसीडी पडदे. गुनपेई योकोई यांनी घडवलेल्या ‘गेम अँड वॉच’ या हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या मालिकेतला निन्टेंडोचा हा खेळ मी आजही आवडीने खेळतो. अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण इथेच आलं. अंगठा न बघता बरोबर जागी जातो. खेळाचा नायक मारिओ खरं तर सरकत नाही. त्याची प्रत्येक पोझ काचेत आधीच आखलेली असते, एक पुसते, दुसरी उमटते. पडदा उन्हात तिरका धरा, न उमटलेल्या आकृत्याही पुसट दिसतात. काय सुंदर काम आहे! वरच्या पडद्यावर क्रेनच्या हुकाकडे उडी मारताना वेळ चुकली की गेलाच. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून खिडकीशी बसा. घड्याळ आणि गजरही आहे. जुना घेताना बटणसेलच्या खाचेतला गंज आधी तपासा.