खाली घेतलेल्या पोलोला १५ मिमीचे स्पेसर

गाडी खाली आणणारे लोअरिंग स्प्रिंग टाकले की फोक्सवॅगन पोलो दिसायला छान बसते, पण चाकं आत गेल्यासारखी वाटतात. त्याला कारणही आहे. गाडी खाली आली की, विशेषतः पुढे, निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, म्हणजे टायरचा वरचा भाग आत झुकतो आणि फेंडरखाली पोकळी दिसते. ती भरून काढायला चारही चाकांना १५ मिमीचे हब-सेंट्रिक अ‍ॅल्युमिनियम स्पेसर लावले, म्हणजे हब (चाक ज्याला बोल्टने जोडतात तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये नेमक्या मध्यावर बसणाऱ्या जाड चकत्या. स्पेसर उत्तम आहेत. त्यांच्यासोबत आलेल्या बोल्टांबद्दल आणि कुठे किती जाडीचा स्पेसर लावायचा हे सांगणाऱ्या तक्त्याबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

आधी स्पेसर. आतलं भोक ५७.१ मिमीचं, आणि बाहेरच्या बाजूला तेवढ्याच मापाची कड, जिच्यावर चाक बसतं. ही कड नसेल तर तो स्पेसर घेऊच नका. चाक मध्यावर राहिलं नाही की वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला दोष देतात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून स्पेसर हाताने दाबला, तर शेवटचे एक-दोन मिलिमीटर हलकासा विरोध करून तो टक्क बसला. कडेला बोट लावून हलवून पाहिलं, जराही डुलला नाही. गंजाचा एक पापुद्रा जरी मागे राहिला तरी चाक वाकडं फिरतं, म्हणून या साफसफाईला वेळ द्या.

आता बोल्ट. फोक्सवॅगनच्या ओरिजिनल अलॉयला गोल बैठकीचे बोल्ट लागतात. पाकिटात निघाले कोनाच्या बैठकीचे, आणि बाहेर कुठे तसा उल्लेखही नाही. कोनाचा बोल्ट गोल खाचेत घातला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेषेवर, आणि चालता चालता सैल होऊ शकतो. दुकानदाराने बदलून दिले हे खरं, पण ज्याला हा फरक माहीत नाही तो तेच लावून हायवेला निघणार. सुरक्षेच्या वस्तूत इतकी ढिलाई मला पटत नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे: मूळ बोल्टचा आटा २७ मिमी, त्यात स्पेसरचे १५, म्हणजे ४२. जुना बोल्ट जितक्या फेऱ्यांत बसायचा तितक्याच फेऱ्या नव्यानेही घ्यायला हव्यात. एम१४ × १.५ च्या आट्याला साडेसात फेऱ्यांच्या खाली गेलात तर थांबा. उगाच जास्त लांब बोल्टही नको, मागे ड्रम असेल तर टोक आतल्या भागांना लागू शकतं.

तक्ता म्हणतो, पुढे १५ आणि मागे २०. तो कंपनीच्या उंचीवरच्या गाडीचा हिशेब आहे, खाली घेतलेल्या गाडीचा नाही. आपल्या गाडीचं माप आपणच घ्यावं: फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, टायरचा सर्वांत बाहेर आलेला भाग दोरीपासून किती आत आहे ते पाहायचं, आणि हे सगळं मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असताना. रिकाम्या गाडीवरचं माप फसवं असतं. माझ्या गाडीत मागे २० घातले असते तर पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर फेंडरची कड टायरला लागली असती. शिवाय चारही चाकांना १५ असले की सगळे बोल्ट एकाच लांबीचे, अदलाबदल व्हायची भीती नाही.

चालवताना काय बदललं? दोन्ही एक्सलचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ३० मिमीने वाढला, वळणावर गाडी जास्त ठाम वाटते. ४० चा ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, मिमीमध्ये) २५ झाल्यासारखं आहे हे, म्हणजे स्क्रब रेडियसही बदलतो, तो म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर. रस्त्याला चाकोऱ्या असतील तर स्टिअरिंग थोडं ओढतं, दोन्ही हात लागतात. बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: चाक बाहेर गेलं की सस्पेन्शनवरचा त्याचा तरफेचा हात लांब होतो, त्यामुळे तीच स्प्रिंग किंचित मऊ पडते आणि गाडी अजून जराशी बसते. आधीच खाली असलेल्या गाडीला ते एवढंसंही दखल घेण्यासारखं आहे. पुढचं चाक पूर्ण वळवून खड्ड्यात घातलं की फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला पुसटसं घासतं, एवढंच. पावसात मात्र दारांवर चिखल पूर्वीपेक्षा नक्की जास्त उडतो.

सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून घ्या, मग गाडी जमिनीवर टेकवून समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गन नको. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. हबच्या कडेला अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वेळी स्पेसर हातोड्याने ठोकून काढावा लागतो. आट्यांना मात्र ग्रीस लावू नका, टॉर्कचा आकडा खोटा ठरतो.