नवशिक्यांची टेनिस लीग आणि माझे १२,७९८ रुपये

आधी आकडे सांगते, कारण 'फसले' म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न तोच असतो. नोंदणी १,४९९. 'पार्टनर जुळवणी' २,५००. कोर्टाचं डिपॉझिट, अर्थातच 'परत मिळणारं', ६,०००. रेटिंग कार्ड ९९९. आणि ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते शेवटचे १,८००, डिपॉझिट परत मिळवण्याची 'प्रोसेसिंग फी'. एकूण १२,७९८.

मी भोळी नाही. पार्सल अडकलंय, बक्षीस लागलंय असले फोन मी दुसऱ्या वाक्याला कापते. पण ते फोन हावेवर नाहीतर भीतीवर चालतात. ही खोटी लीग चालवणारा ठग वेगळ्याच दुखण्यावर बोट ठेवून होता. चाळिशीनंतर रॅकेट हातात घेतलेल्या कुणालाही विचारा. क्लासमध्ये कोच टोपलीतून चेंडू टाकतो तेव्हा आपण झकास खेळतो, कारण प्रत्येक चेंडू त्याच उंचीवर, त्याच वेगाने येतो. क्लास संपला की खेळायला माणूस नाही. जुन्या मंडळींचे चौघांचे गट ठरलेले. त्यांच्यात शिरलं की दोन गेमनंतर कुणाला तरी घरून फोन येतो. त्यांचं तरी काय चुकलं, माझा चेंडू परत जातच नाही! मग उरते भिंत. भिंत कधी चुकत नाही, पण तिला सर्व्हिस करता येत नाही.

अशात मेसेज आला: प्रौढ नवशिक्यांसाठी फ्लेक्स लीग. खरी फ्लेक्स लीग चालते तसंच सगळं लिहिलेलं. एका पातळीच्या सात-आठ जणांचा गट, एकमेकांचे नंबर मिळणार, वेळ आणि कोर्ट आपापसात ठरवायचं, जिंकणाऱ्याने स्कोअर कळवायचा, तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. एक अक्षर चुकीचं नव्हतं. वर एक 'पार्टनर' जोडून दिली. तिचा पहिलाच मेसेज, "माझी सेकंड सर्व्ह म्हणजे देवाचं नाव घेऊन फेकलेला चेंडू!" मी एकटीच मोठ्याने हसले आणि दहा मिनिटांत २,५०० भरले. ही बाई अस्तित्वातच नव्हती. खऱ्या पार्टनरला खेळायला माणूस हवा असतो, मध्यस्थाला फी द्यायची नसते. एवढं साधं मला कुणी सांगायला हवं होतं का?

आता तो क्षण. फोरहँडचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवला होता. त्यावरून फोटोसकट निळं कार्ड आलं, 'वर्ल्ड टेनिस नंबर ३८.२'. आठवड्याने ९९९ घेऊन 'फेरमूल्यमापन' झालं आणि दुसरं कार्ड आलं: '३९.६, अभिनंदन, तुमची पातळी उंचावली!' हे मी स्टेटसला ठेवलं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची ही पद्धत ४० पासून १ कडे उतरते. ४० म्हणजे अगदी नवशिका, १ म्हणजे शिखर. म्हणजे पैसे मोजून मी खाली घसरले आणि त्याचे पेढे वाटत सुटले. यूटीआर नावाच्या दुसऱ्या रेटिंग पद्धतीत आकडा वाढलेला चांगला, तिथे १ पासून १६.५० पर्यंत चढायचं असतं. त्या ठगाने बहुधा दोन्हींची खिचडी केली. शिवाय वर्ल्ड टेनिस नंबर खेळलेल्या सामन्यांच्या निकालांवरून ठरतो, व्हिडिओवरून नाही. मी तर तोवर एकही सामना खेळले नव्हते.

आणि हे मला माहीत होतं! कोचने पहिल्याच महिन्यात सांगितलेलं. मी त्या ठगाला विचारलंसुद्धा, "हे उलटं नाही का?" उत्तर आलं, "आमची नवीन सिस्टिम आहे, मॅडम." त्यावर मी हसरा चेहरा पाठवला. तो पिवळा हसरा चेहरा अजून चॅटमध्ये तसाच आहे.

वेळापत्रक तर मुलीने एका नजरेत खोटं ठरवलं. गटात सात नावं आणि दर आठवड्याला सगळ्यांचा सामना. सात जणांत दर फेरीला एकाला बाय, म्हणजे सामन्याविना सुट्टी, द्यावाच लागतो. "आई, आठवा कोण?"

रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टाच्या गेटवर वॉचमनने वही उघडून दाखवली. बुकिंग कुणाचंच नाही. माझ्यासारखेच आणखी तिघे खांद्यावर किट अडकवून उभे होते. पावणेसातला आम्हा चौघांना ग्रुपमधून काढलं. (कोर्टाचे पैसे कोर्टाच्या काउंटरवरच भरा. कितीही ओळखीचा माणूस असला तरी.) दुसऱ्या दिवशी 'रिफंड विभागा'चा फोन आला, आणि सहा हजार परत येतील म्हणून मी अठराशे घालवले. नव्वद टक्के कळलेलं असतानाही. उरलेले दहा टक्के १,८०० ला पडले.

बँकेत म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात." हो, मीच टाकला, चोर घरी येऊन टाकणार होता का? संध्याकाळी त्याच बँकेचा मेसेज: आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

चौकीत मी "कोर्टाच्या बुकिंगचे पैसे गेले" म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, "कुठल्या कोर्टात केस आहे?" टेनिसचं कोर्ट हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग हद्द निघाली. कोर्ट त्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे घरून पाठवलेत ना, मग घराच्या हद्दीत. परत पहिल्या ठिकाणी. पाच व्यवहार म्हणून पाच वेळा तोच मजकूर हाताने लिहायला लावला. बाजूचा हवालदार म्हणाला, "या वयात टेनिस कशाला, मॅडम, चालायला जायचं." तेही मी लिहून ठेवलंय. स्क्रीनशॉट दाखवले तर प्रिंट आणा, प्रिंट आणल्या तर रंगीत आणा. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का हवा, आणि शिक्का देणारे रजेवर.

ज्यांना खरंच खेळायचंय त्यांनी मागच्या सीझनला खेळलेल्या दोघांचे नंबर मागा, आणि फोन करून हरलेल्या सामन्याबद्दल विचारा. हरलेला माणूस तपशिलात बोलतो. क्लासमधल्याच दुसऱ्या नवशिक्याला धरा आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू घ्या. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा साधारण २५ टक्के मंद असतात, रॅली होते. फुकटात होते.

मंगळवारी शिक्का घेऊन तिसऱ्यांदा चौकीत जायचंय. गेटवरच्या तिघांपैकी दोघे सोबत येणार आहेत. तिसरे काका येत नाहीत. त्यांचे २१,००० गेलेत, आणि घरी अजून सांगितलेलं नाही.