आफ्रिका ट्विन डीसीटी काही महिने वापरल्यावर: मोठी ॲडव्हेंचर गाडी निवडताना काय बघावं

मोठी ॲडव्हेंचर गाडी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर लांब पल्ल्याला चालणारी मोटरसायकल, घेणारे बहुतेक जण ताशी शंभरचा विचार करून ती निवडतात आणि मग ताशी शून्य वेगात तिच्याशी झगडत बसतात. हायवेवर या वर्गातली कुठलीही गाडी छानच चालते. खरा फरक कळतो तो पार्किंगमधून मागे ढकलताना, उतारावर यू-टर्न घेताना, खडीत एक पाय टेकताना. होंडा सीआरएफ ११०० एल आफ्रिका ट्विन, डीसीटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सवाली, मी गेले काही महिने रोजच्या कामाला, लांब पल्ल्याला आणि कच्च्या रस्त्यांवर वापरतोय. पुढचं सगळं त्या वापरातून आलेलं आहे, आणि घेण्याआधी ज्या गाड्या चालवून पाहिल्या त्यांच्यावरून.

यादीत होत्या त्या अशा. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस: १२५४ सीसीचं बॉक्सर इंजिन, १३६ हॉर्सपॉवर, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरतं). ट्रायम्फ टायगर १२००: ११६० सीसी, तीन सिलिंडर, १५० पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), तिलाही शाफ्ट. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४: १७० हॉर्सपॉवर आणि पुढे-मागे रडार. सुझुकी व्ही-स्ट्रॉम १०५०: १०७ पीएस. आणि होंडा: १०८४ सीसी, दोन सिलिंडर, १०२ पीएस. ताकदीच्या रकान्यात होंडा चक्क शेवटची. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. सामान आणि मागे माणूस घेऊन ओव्हरटेक करायला १०५ न्यूटन मीटर टॉर्क भरपूर झाला. मल्टिस्ट्राडाचे १७० घोडे मी चालवले, मजा आली, पण ते सगळे एकदम सोडायला रस्ता कुठून आणायचा?

वजनाचं मात्र तसं नाही. २०२४ आधीची साधी गिअरवाली आफ्रिका ट्विन पेट्रोल भरून २२६ किलो, डीसीटी २३६. जीएस २४९, तिची मोठ्या टाकीची ॲडव्हेंचर आवृत्ती २६८. आकडे वाचून जीएस जड वाटते, आणि ढकलायला ती आहेच. पण माणसाच्या चालण्याच्या वेगाच्या थोडं वर गेलं की ती हलकी वाटते, कारण बॉक्सरचे दोन्ही सिलिंडर खाली, बाजूला आडवे बसवलेले असतात. म्हणजे वजन किती याच्याइतकंच ते किती उंचीवर आहे हेही बघायला हवं. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. ३० लिटरची टाकी भरली की साडेबावीस किलो थेट हँडलजवळ, सगळ्यात वर. शोरूममध्ये उभी असलेली गाडी बहुधा रिकाम्या टाकीची असते, म्हणून तिथे डावी-उजवीकडे झुकवून पाहिलेल्या गाडीवर विसंबू नका. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये आर १३०० जीएस आणताना ताकद १४५ हॉर्सपॉवरवर नेली, पण वजन २३७ किलोवर उतरवलं. १२ किलो कमी. दुखणं कुठे आहे ते कंपन्यांनाही ठाऊक आहे.

सीटच्या उंचीचा आकडाही असाच फसवा. आफ्रिका ट्विनची सीट ८५० किंवा ८७० मिलिमीटरवर लावता येते. मी ८५० वर ठेवलीय, माझी उंची मध्यम, दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत. पण तेवढ्याच आकड्याच्या दुसऱ्या गाडीवर मला पाय कमी पडले होते, कारण तिची सीट पुढच्या बाजूला रुंद होती आणि मांड्या फाकत होत्या. तेव्हा आकडा वाचू नका, बसून बघा, आणि रायडिंगचे बूट घालून बसा. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असा हट्टही नको. एका बाजूला थोडं सरकून एक पाय पूर्ण टेकवायचा आणि दुसरा ब्रेकवर ठेवायचा, ही सवय लागली की काम भागतं. हार्ली-डेव्हिडसनने पॅन अमेरिका १२५० स्पेशलला थांबता थांबता आपोआप खाली बसणाऱ्या सस्पेन्शनचा पर्याय दिला, तो याच अडचणीवरचा उपाय. बाजारात लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारे जोड) मिळतात, पण त्यांनी मागची बाजू बसते, स्टिअरिंगची भूमिती बदलते आणि साइड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहायला लागते. त्यापेक्षा सीट कोरून घेणं कितीतरी बरं.

इतकी जड गाडी कधी ना कधी आडवी होणार, हे धरूनच चला. उचलण्याची पद्धत घेण्याआधीच शिकून घ्या. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी दुसऱ्या बाजूला आडवी होते आणि हे डोळ्यांसमोर घडताना फार वाईट वाटतं. मग सीटला पाठ लावायची, हँडल पूर्ण वळवून खालच्या बाजूची ग्रिप एका हाताने पकडायची, दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅब रेल, पाठ ताठ ठेवून छोट्या छोट्या पावलांनी मागे सरकत जायचं. जोर मांड्यांचा. डीसीटीत एक भानगड जास्त आहे. साधी गाडी गिअरमध्ये ठेवली की घरंगळत नाही. डीसीटी मात्र इंजिन बंद केलं की न्यूट्रलला जाते. म्हणून आधी हँडलच्या डाव्या बाजूचा पार्किंग ब्रेक ओढायचा, मग हात लावायचा. उतारावर उभी करतानाही तेच.

डीसीटीबद्दलच लोक सगळ्यात जास्त विचारतात, तेव्हा जरा सविस्तर. आत दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे बदल जवळजवळ जाणवत नाही. होंडाने हे मोटरसायकलवर पहिल्यांदा २०१० च्या व्हीएफआर १२०० एफमध्ये आणलं. हाताला क्लच नाही, पायाला गिअर नाही. डाव्या मुठीवर दोन बटणं: तर्जनीने गिअर वर, अंगठ्याने खाली.

फायदा पहिल्याच चढावर कळला. ट्रॅफिकमध्ये, वळणावरच्या चढात, समोरचा अचानक थांबला तरी गाडी बंद पडत नाही. जड गाड्या पडतात त्या बऱ्याचदा इथेच: कमी वेगात वळताना इंजिन बंद पडतं, गाडी झटक्यात थांबते, आणि ज्या बाजूला झुकलेली असते तिकडे जाते. डीसीटीत हा सगळा प्रकारच उरत नाही. उंची बेताची असलेल्या माणसाला हे १० किलो जास्तीचं वजन वसूल करून देतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही आहेच. अर्धा क्लच धरून गाडी रेंगाळत नेणं इथे शक्य नाही. हँडल पूर्ण वळवून सावकाश यू-टर्न घेताना थ्रॉटल सोडला तर क्लच सुटतो, पुन्हा दिला तर पकडतो, आणि त्या सुटण्या-पकडण्यात गाडी हिसका देते. उपाय एकच. थ्रॉटल किंचित आणि स्थिर ठेवायचा, वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. हे पायात बसायला मला काही आठवडे लागले. आता कोणाची क्लचवाली गाडी घेतली की डावा हातच विसरतो. डी (ड्राइव्ह) मोड पेट्रोल वाचवायला वरचे गिअर फार लवकर टाकतो, गाडी मग मंद वाटते. मी बहुतेक वेळ एस (स्पोर्ट) मोडच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर असतो. घाट उतरताना मात्र कुठल्याच मोडवर सोडून देत नाही, वळणाआधी अंगठ्याने एक गिअर खाली घेतोच. कच्च्यावर ‘G’ लिहिलेलं बटण दाबलं की क्लच कमी घसरतो, थ्रॉटल थेट मागच्या चाकाला लागतो. उभ्याने चालवताना डाव्या पायाला काहीच काम नसल्यामुळे तोल सांभाळायला बरं पडतं. पण एखादा ओंडका किंवा उंच पायरी ओलांडायला क्लचचा झटका देऊन पुढचं चाक उचलायची सवय असेल, तर गिअरवालीच घ्या.

चाकांकडे निवडताना फारसं कोणी बघत नाही. आफ्रिका ट्विनला पुढे २१ इंची, मागे १८ इंची. जीएसला पुढे १९, मागे १७. २१ इंची चाक दगड-खड्ड्यांवरून सहज निघून जातं, पण डांबरी वळणावर जरा सावकाश झुकतं. वापर नव्वद टक्के डांबरी असेल तर १९ इंची चाक मुकाट्याने स्वीकारावं. दुसरा प्रश्न ट्यूबचा. माझी गाडी साध्या आवृत्तीची, स्पोकच्या चाकात ट्यूब असलेली. आफ्रिका ट्विनच्याच ॲडव्हेंचर स्पोर्ट्स आवृत्तीला स्पोक असूनही टायर ट्यूबलेस आहेत.

फरक काय पडतो ते मागच्या चाकात खिळा गेला तेव्हा कळलं. ट्यूबलेस असती तर खिळा उपटून, भोकात रबरी दोरी खुपसून, पंपाने हवा भरून दहा-पंधरा मिनिटांत निघता आलं असतं. इथे आधी गाडी उभी करण्याचाच प्रश्न. नशिबाने सेंटर स्टँड वेगळा घेऊन बसवलेला होता. मग ॲक्सलचा नट, चेन उतरवणं, चाक बाहेर. टायरची कड रिमपासून सुटेना. गुडघे टेकवून, टायर लिव्हर एकामागून एक घालून ती सोडवेपर्यंत घाम निघाला. नवी ट्यूब घालताना लिव्हरने तीच चिमटणार नाही ना ही धाकधूक वेगळी. एकंदर तासभर गेला. एक युक्ती कामाची आहे: जवळ एकच ट्यूब ठेवायची तर २१ इंची ठेवा. ती दुमडून १८ इंची चाकात तात्पुरती चालवता येते, उलटं जमत नाही.

चेन की शाफ्ट यावर भांडणं पुष्कळ होतात, मला त्यात फार रस नाही. शाफ्ट जड आणि निवांत. चेन हलकी, पण धुळीत-पावसात तिची सेवा करावी लागते. लांबच्या सफरीत संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर चेन गरम असतानाच तेल देतो, दोन मिनिटांचं काम. ज्यांना हेही नको त्यांनी शाफ्टवाली घ्यावी. पेट्रोलचं म्हणाल तर १८.८ लिटरची टाकी आणि लिटरला २० किमीच्या आसपासचं ॲव्हरेज म्हणजे कागदावर पावणेचारशे. मी तीनशेला पंप शोधायला लागतो.

सामानाकडे वळू, कारण इथे पुन्हा वजनच आडवं येतं. प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते. जीएसची ४६५ किलो. त्यातून गाडीचे २४९ वजा केले की उरतात २१६. जीएस ॲडव्हेंचर मोठी दिसते म्हणून जास्त वाहत असेल असं वाटतं, पण ४८५ मधून २६८ गेले की उरतात २१७. एका किलोचा फरक. आता चालवणारा जॅकेट-बूट-हेल्मेटसकट ९० धरा, मागचा ७०, रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा १५ च्या आसपास. उरलेल्या चाळीस किलोत तंबू, हत्यारं, कपडे, पाणी. भरायला बसलात की कळतं किती लवकर संपतात. मी पेट्यांचा सांगाडा दुसऱ्या एका कंपनीचा घेतला होता, कच्च्या रस्त्यावर त्याच्या मागच्या वेल्डला तडा गेला. दोष थोडा त्या वेल्डचा, थोडा चाकाच्या मागे लटकलेल्या वजनाचा. आता कापडी बॅगा लावतो. त्या हलक्या आहेतच, शिवाय खडीत पाय खाली गेला तर पायावर ॲल्युमिनियमची पेटी येत नाही. मागे बसणारं माणूस असलं की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवायचाच. नाही वाढवला तर मागची बाजू बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळताना गाडी हट्टीपणा करते.

इलेक्ट्रॉनिक्सवर थोडक्यात. कॉर्नरिंग एबीएस (वळणात झुकलेलं असतानाही ब्रेकने चाक जाम होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरून फिरू न देणारं) आवश्यक, त्यावर तडजोड नको. मागचा एबीएस कच्च्यावर बंद करता येतो का ते बघा. क्रूझ कंट्रोल मनगटांना सुख देतो. रडार, टचस्क्रीन, पाच-सहा रायडिंग मोड हे सगळं पहिल्या महिन्यात वापरलं जातं, नंतर एकच मोड राहतो.

टेस्ट राइडला गेलात तर गाडी हायवेला नेऊन पळवण्यात वेळ घालवू नका. टाकी भरलेली आहे का विचारा. गाडी हलक्या चढावर मागे ढकलून बघा, सेंटर स्टँडवर चढवून बघा, जमेल तितक्या कमी जागेत इंग्रजी आठचा आकडा काढा. मागे जे माणूस नेहमी बसणार आहे त्याला सोबत न्या, आणि ते चढता-उतरताना गाडी तुमच्या पायांवर राहते का ते पाहा. माझ्या बायकोने एका गाडीवर चढण्यासाठी फुटपेगवर भार दिला, तेवढ्यात माझा पाय घसरायला लागला. ती गाडी यादीतून तिथेच गेली.

दोघं जात असाल, सामान असेल, दिवसाला पाचशे किमी कापायचे असतील, तर हजार सीसीच्या वरची गाडी घ्या, आणि त्यात जी तुम्हाला थांबलेली असताना झेपते ती घ्या. एकटेच फिरत असाल आणि निम्मा रस्ता कच्चा असेल, तर यामाहा टेनेरे ७०० आधी चालवून बघा. ६८९ सीसी, २०५ किलोच्या आसपास. मी एकटा असतो तर तीच घेतली असती.